इंजिनाच्या पोटातली टिकटिक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

जुन्या पेट्रोल गाडीतून ज्यांनी कधी घाट चढला असेल, त्यांना एक आवाज नक्की आठवत असेल. गाडीत माणसं खच्चून भरलेली, टपावर वळकट्या नि ट्रंका, समोर चढ, आणि चालवणाऱ्याला गियर खाली टाकायचा कंटाळा. अशा वेळी ॲक्सिलरेटरवर जोर दिला की बॉनेटखालून बारीक टिक्-टिक्-टिक् सुरू व्हायचं. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसं. गियर बदलला की ते थांबायचं आणि आपणही ते विसरायचो. गॅरेजात याला ‘नॉकिंग’ म्हणतात.

नवी गाडी चालवणाऱ्याच्या कानावर हा आवाज जवळजवळ पडतच नाही. याचं कारण असं, की आपल्याआधी दुसरंच कुणीतरी तो ऐकतं आणि आपल्यापर्यंत पोचू देत नाही. हे ‘दुसरं कुणी’ म्हणजे इंजिनाच्या अंगावर एका बोल्टने कसलेला, नाण्यापेक्षा थोडा मोठा असा एक तुकडा. तो काय ऐकतो आणि कसं ऐकतो, हे आज सांगायचा विचार आहे. इंजिनांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी तरी या एका आवाजामागे गेली.

आधी नॉकिंग म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत असते की इंजिनात पेट्रोलचा स्फोट होतो आणि त्या धक्क्याने गाडी चालते. पण निरोगी इंजिनात स्फोट होत नाही, ज्वलन होतं. प्लगची ठिणगी पडली की तिथून ज्वाळेची एक भिंत निघते आणि सेकंदाला वीस-तीस मीटर वेगाने सिलिंडरच्या दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. सिलिंडर रुंदीला असतो जेमतेम आठ सेंटीमीटर, म्हणजे हा प्रवास दोन-तीन हजारांश सेकंदांचा. आपल्याला तो क्षणार्धाचा वाटतो, पण इंजिनाच्या हिशेबात ते रीतसर, शिस्तीचं जळणं आहे. दाब हळूहळू वाढतो आणि पिस्टनला खाली रेटतो.

आता दिवाळीतली लवंगी माळ डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला पेटवली की एकामागून एक तडतडत जाते. समजा, अर्धी माळ वाजून झाल्यावर उरलेल्या पन्नास लवंग्या एकदम उडाल्या, तर? नॉकिंग म्हणजे तेच. ज्वाळा पुढे सरकत असताना तिच्या पुढ्यातला न जळालेला वायू कोपऱ्यात दाबला जातो, तापतो, आणि ज्वाळा पोचायच्या आत आपोआप, सगळाच्या सगळा एकदम पेट घेतो. त्या कोपऱ्यात दाब एकाएकी उसळतो आणि त्याची लाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. आपल्या कानावर पडते ती या लाटेची धातूतून बाहेर आलेली टिकटिक.

या लाटेने नुकसान काय होतं, ते जरा सावकाश सांगतो, कारण ते मजेदार आहे. जळणाऱ्या वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. मग पिस्टन टिकतो कसा? एक तर ही आग फार थोडा वेळ असते. आणि दुसरं म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर आणि भिंतींलगत स्थिर वायूचा एक पातळ थर असतो. तो गोधडीसारखं काम करतो आणि उष्णता आत शिरू देत नाही. नॉकिंगची लाट ही गोधडीच ओढून काढते. उघड्या पडलेल्या धातूत उष्णता घुसते, माथ्यावर वाळवी लागल्यासारखे खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात. फार काळ दुर्लक्ष झालं तर पिस्टनला भोक पडतं. असे पिस्टन मी टेबलावर ठेवून नव्या मुलांना दाखवत असे. दहा व्याख्यानांचं काम त्या एका तुकड्याने व्हायचं.

तुम्ही म्हणाल, एवढा धोका आहे तर त्याच्या वाटेला जाताच कशाला? ठिणगी थोडी उशिरा पाडा, वायू कमी दाबा, नॉकिंग होणारच नाही. बरोबर आहे, पण त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. मिश्रण जितकं जास्त दाबून पेटवावं तितकं त्यातून काम जास्त निघतं. कागदावरच्या आदर्श हिशेबाने चारपट दाबलं तर उष्णतेपैकी ४३ टक्के कामी येते, आठपट दाबलं तर ५६, दहापट दाबलं तर ६०. प्रत्यक्षात आकडे याहून पुष्कळ खाली असतात, पण चढण हीच. ठिणगीचंही तसंच. ती पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी पडावी लागते. उशिरा पडली तर आग पिस्टनच्या मागे धावत राहते आणि उष्णता धुराड्यातून निघून जाते. म्हणजे पेट्रोल वाचवायचं तर नॉकिंगच्या उंबरठ्यापर्यंत जायचं आणि उंबरठा मात्र ओलांडायचा नाही. तो आहे कुठे, हे कळायला कुणीतरी कान लावून बसायला हवं.

शंभर वर्षांपूर्वी असा कान नव्हता. फोर्डची मॉडेल टी मिश्रण साधारण चारपटच दाबायची. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो आणि अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग व त्यांचे सहकारी थॉमस मिडग्ली या कोड्यामागे लागले होते. लोक म्हणत होते की केटरिंग यांनी आणलेल्या बॅटरीच्या ठिणगीमुळेच इंजिनं वाजतात, तेव्हा त्यांना तर ते सोडवणं भागच होतं. मिडग्ली यांनी सिलिंडरमधला दाब प्रकाशाच्या किरणाने फिल्मवर उमटवला आणि दाखवून दिलं की टिकटिक ठिणगीच्या आधी नव्हे, तर ठिणगीनंतर, ज्वलनाच्या शेवटाकडे होते.

ती मोजायची कशी, याचं त्यांचं उत्तर मला फार आवडतं. सिलिंडरला एक लवचिक पडदा आणि त्यावर एक पोलादी काडी उभी. नॉकिंग झालं की पडदा थरथरतो, काडी उडी मारते आणि वर विजेचा संपर्क जुळतो. तेवढ्या क्षणापुरती वीज आम्लमिश्रित पाण्यातून जाते आणि थोडा वायू तयार होतो. ठरावीक वेळात नळीत किती वायू जमला ते वाचायचं. जितका वायू जास्त, तितकं नॉकिंग जास्त. कंपनांवरून नॉकिंगचा आकडा काढण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. शाळेच्या प्रयोगशाळेतही जमेल इतका साधा.

पण पुढची वाट निघाली रसायनाकडे. १९१६ साली मिडग्ली यांनी एका वेड्या तर्काने पेट्रोलमध्ये आयोडीन टाकून पाहिलं. तर्क असा, की इंधन लालसर असेल तर ते उष्णता लवकर शोषेल. आयोडीनने नॉकिंग खरंच कमी झालं. दुसऱ्या लाल रंगांनी मात्र काहीच होईना. तर्क चुकीचा, पण शोध खरा! मग पाच वर्षं पदार्थामागून पदार्थ तपासले गेले आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग सापडलं. पेट्रोलमध्ये चिमूटभर घातलं की टिकटिक गप्प. फेब्रुवारी १९२३ मध्ये ते डेटनच्या पंपावर विकायलाही आलं.

अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे केटरिंग आणि मिडग्ली दोघांनाही ठाऊक होतं. पण शिसं अगदी थोडं लागायचं, स्वस्त पडायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यानंतर पत्रकारांसमोर मिडग्ली यांनी ते द्रव हातावर ओतून घेऊन दाखवलं. वास्तविक १९२३ च्या सुरुवातीला ते स्वतः शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांतीवर गेले होते. पुढची कित्येक दशकं जगभरच्या धुराड्यांतून शिसं बाहेर पडत राहिलं आणि मुलांच्या रक्तात उतरत राहिलं. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो. आपल्या देशात सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री थांबली जुलै २०२१ मध्ये. एक आवाज बंद करायला एवढी किंमत पडली.

रसायनाने तोंड दाबलं खरं, पण ऐकायचं कसं हा प्रश्न तसाच उरला. त्याचं उत्तर एका अगदी वेगळ्या बाजूने आलं.

परातीत पाणी घेऊन परात जराशी हलवली की पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर हेलकावतं. हेलकाव्याचा वेग परातीच्या आकाराने ठरतो, तुमच्या हलवण्याने नव्हे. सिलिंडरमधल्या वायूचंही तसंच. नॉकिंगचा धक्का बसला की तो वायू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हेलकावतो, आणि त्याचा सूर ठरतो सिलिंडरच्या व्यासावर आणि तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगावर. १९३० च्या दशकात अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी हे गणित मांडलं. पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांना वाट दाखवणारी यंत्रणा ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली, तेच हे ड्रेपर. साध्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो, तापलेल्या सिलिंडरमध्ये साधारण ९५०. आठ सेंटीमीटर व्यासाच्या सिलिंडरला हे लावलं की उत्तर येतं सेकंदाला सुमारे ७ हजार कंपनं. सात सेंटीमीटरच्या सिलिंडरला ८ हजारांच्या जवळ. पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी साधारण ४ हजार २०० कंपनांची असते; म्हणजे नॉकिंगचा सूर त्याच्याही पुष्कळ वर लागतो.

मुख्य सुराच्या वर आणखीही सूर असतात. आपल्याला हे तबल्यावरून माहीत आहे. साध्या गोल पडद्याचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा नुसता धबधब आवाज येतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवरची शाई ते सूर जुळवून आणते, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं होतं. इंजिनाच्या गोल सिलिंडरला शाई लावलेली नसते. त्याचे सूर ७ हजार, साडेअकरा हजार, साडेचौदा हजार असे वाकडेतिकडे पडतात. त्यामुळे तो आवाज कर्कश लागतो आणि कानात टोचतो. पण व्यास कळला की सूर आधीच सांगता येतो, ही मोठीच सोय झाली. कुठला आवाज शोधायचा ते इंजिन सुरू करायच्या आधीच ठाऊक असतं.

गणित कुणाला न सांगता हे काम गॅरेजांतून चालूच होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी उमेदवारी केली, तिथल्या थोरल्या मिस्त्रींना आम्ही पोरं आण्णा म्हणायचो. इंजिनाचं टायमिंग जमवायचं तर आण्णा डिस्ट्रिब्युटर किंचित सैल करून हाताने केसभर फिरवायचे आणि गाडी रस्त्यावर काढायचे. टॉप गियर, ताशी चाळीसचा वेग, आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा.

“वाजलं का रे?”

“वाजलं, आण्णा.”

“ऱ्हायलं का?”

“ऱ्हायलं की लगेच.”

“मग बास. बांधून टाक.”

म्हणजे टिकटिक अजिबात आली नाही तर टायमिंग मागे आहे, पेट्रोल वाया जातंय. येऊन थांबलीच नाही तर टायमिंग फार पुढे आहे, पिस्टन जाणार. किंचित वाजून विरली की बरोबर. उंबरठ्यावर उभं राहायचं म्हणतात ते हेच. पण आण्णा आम्हाला का विचारायचे, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं हातोडे, ग्राइंडर आणि उघड्या सायलेन्सरांच्या गदारोळात काम केलं की कान पहिल्यांदा जातात ते ४ हजार कंपनांच्या आसपास, मग त्याच्या वर. बोलणं ऐकू येतं, वरची बारीक टिकटिक मात्र येत नाही. ज्या कामाने कान तयार झाला त्याच कामाने तो नेमका त्या सुराला बहिरा केला. अशी कितीतरी माणसं आपल्या गॅरेजांत आहेत. कानात घालायचे बोळे दहा-वीस रुपयांना मिळतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता त्या नाण्याएवढ्या तुकड्याकडे, म्हणजे नॉक सेन्सरकडे येऊ. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला की ठिणगी पडते, पण त्यात बॅटरी नसते. आत एक स्फटिकासारखा तुकडा असतो. त्यावर दाब दिला की वीज निर्माण होते. हा गुणधर्म १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला. नॉक सेन्सरमध्ये अशाच सिरॅमिकची एक चकती असते आणि तिच्यावर धातूचं एक वजन बसवलेलं असतं. इंजिन थरथरलं की वजन चकतीवर दाब देतं, सोडतं, पुन्हा देतं, आणि त्या तालावर बारीकशी वीज बाहेर येते. अमेरिकेत १९७८ च्या बुइकच्या टर्बो गाड्यांत आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब गाड्यांत नॉकिंग ऐकणारी यंत्रणा आली.

सेन्सर बसवणं म्हटलं तर सोपं, पण त्यात खोच आहे. त्याची धातूची बैठक इंजिनाच्या साफ केलेल्या धातूला थेट टेकली पाहिजे. मध्ये वॉशर नको, रंग नको, गंज नको. बोल्टही ठरावीक जोरानेच आवळायचा, बहुतेक ठिकाणी २० न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे एक फुटी पान्याच्या टोकाला साधारण सात किलोचा जोर. सैल राहिला तर कंपनं पोचत नाहीत, फार आवळला तर चकतीचा स्वभाव बदलतो. एका परिचितांच्या गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं गेलं, आणि तेव्हापासून लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर कमी मिळू लागले. इंजिनाचा दिवा लागायचा, गॅरेजवाला तो मिटवून द्यायचा, चार दिवसांनी पुन्हा लागायचा. दोष पेट्रोलला दिला जात होता. खाली वाकून पाहिलं तर सेन्सरखाली कुणीतरी चांगला जाडसर वॉशर घातलेला. गाडीतल्या छोट्या संगणकाला सेन्सरकडून नेहमीची घरघरही ऐकू येत नव्हती. मग तो समजून चालला होता की आपला कान गेलाय, आणि खबरदारी म्हणून ठिणगी कायमची उशिरा पाडत होता. वॉशर काढला, जागा घासली, नीट आवळलं. गाडी पूर्ववत झाली.

पण कान बसवला म्हणजे ऐकणं जमलं असं नाही. सेन्सरमधून येणारी वीज पडद्यावर पाहिली तर लहान मुलाने कागदावर पेन्सिल गिरगटल्यासारखी दिसते. झडपा आपटतात, पिस्टन भिंतीला बडवतो, इंधनाचे इंजेक्टर कटकट करतात, साखळ्या-दातेरी चाकं फिरतात, आणि या सगळ्याची कंपनं एकाच लोखंडातून येतात. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना आपल्या मुलाचं रडणं आई ओळखते, तसं हे काम आहे. आईला दोन गोष्टी ठाऊक असतात, रडण्याचा सूर आणि रडण्याची वेळ. आमचंही तेच भांडवल.

आधी वेळेचं सांगतो. नॉकिंग कधीही होत नाही. पिस्टन माथ्यावरून खाली वळल्यानंतर थोड्याच अंतरात होतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एक फेरा २० मिलिसेकंदांचा. त्यातला साधारण ६० अंशांचा तुकडा, म्हणजे सव्वातीन मिलिसेकंद, एवढीच खिडकी उघडायची आणि बाकीच्या वेळी कान बंद ठेवायचा. डोळ्याची पापणी लवायला याच्या तीस पट तरी वेळ लागतो. खिडकी कुठल्या सिलिंडरच्या वेळेला उघडली आहे यावरून नॉकिंग कुठल्या सिलिंडरमध्ये झालं तेही कळतं. एकच कान, पण चौघांवर लक्ष.

मग सूर. फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२२ च्या आपल्या उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलं होतं की कितीही वेडीवाकडी रेषा असली तरी ती साध्या लहरींच्या बेरजेतून मांडता येते. कुठली लहर किती, हे काढलं की गिरगट्यातून सुरांची यादी मिळते. हे गणित हाताने करायचं तर दिवस जायचे; १९६५ मध्ये कुली आणि ट्युकी यांनी झटपट रीत प्रसिद्ध केल्यावर ते संगणकाच्या आवाक्यात आलं. प्रयोगशाळेत आम्ही सेकंदाला पन्नास हजार नोंदी घ्यायचो, म्हणजे एका खिडकीत दीडशेच्या वर. त्यांची सुरांची यादी काढली की एरवी सपाट असणारी जागा सात हजारांपाशी टेकाडासारखी वर आलेली दिसायची. गाडीतली यंत्रणा याहून साधं करते: सात हजारांच्या आजूबाजूचा पट्टा चाळणीतून गाळून घेते, बाकी फेकून देते, आणि खिडकीभरात जमलेल्या जोराची बेरीज करते. मिडग्ली यांच्या नळीत वायू साठायचा, इथे आकडा साठतो. चाळणी फार अरुंद ठेवून चालत नाही, कारण पिस्टन खाली जाताना वायू थंडावतो, ध्वनीचा वेग घटतो आणि सूर खाली उतरत जातो.

हा आकडा नुसता मोठा आहे म्हणून नॉकिंग आहे असं म्हणता येत नाही. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना निरोगी इंजिनाची घरघरही मोठी असते. म्हणून प्रत्येक सिलिंडरची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या सवयीशी करायची. नेहमी इतकं वाजतं, आज त्याच्या कितीपट वाजलं? ठरवलेल्या पटीच्या वर गेलं की ते नॉकिंग. ही पट ठरवणं हे मात्र मला शेवटपर्यंत शास्त्रापेक्षा कसबाचं काम वाटत आलं. पट कमी ठेवली तर सैल झालेल्या एखाद्या ब्रॅकेटची खडखडसुद्धा नॉकिंग ठरते आणि गाडी विनाकारण मरगळते. जास्त ठेवली तर खरं नॉकिंग निसटतं. आमच्याकडे सिलिंडरच्या आत दाब मोजणारा महागडा क्वार्ट्झचा सेन्सर साक्षीला असे. बाहेरच्या कंपनाने ‘झालं’ म्हटलं तेव्हा आत खरंच झालं होतं का, हे हजारो ज्वलनांवर ताडून पाहायचं. प्रत्येक गाडीत असा साक्षीदार बसवणं परवडत नाही, म्हणून बाहेरच्याच कानाला तयार करावं लागतं.

नॉकिंग ठरलं की गाडीचा संगणक त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश उशिरा पाडतो. मग पुन्हा वाजलं नाही तर ती मुंगीच्या पावलांनी पुढे आणतो, परत किंचित वाजेपर्यंत. आण्णा वर्षातून एकदा करायचे ते हा दर सेकंदाला करतो. तीन हजार फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर ज्वलनं होतात, आणि प्रत्येकावर कान असतो.

याचा फायदा तुम्हाआम्हाला रोज होतो. पंपावरच्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे नॉकिंग न होता ते किती दाब सोसतं त्याचं माप. आपल्याकडे साधं पेट्रोल बीएस-२ च्या काळात ८८ ऑक्टेनचं असे, बीएस-३ पासून ते ९१ चं झालं. रॉकेलचा ऑक्टेन अगदीच कमी, म्हणून भेसळीचं पेट्रोल घातलेली जुनी गाडी लगेच वाजायची. सेन्सर असलेली गाडी वाजत नाही, ती गुपचूप ठिणगी मागे घेते. भेसळ आवाजात दिसत नाही, मायलेजमध्ये दिसते. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्याबद्दलच्या तक्रारी मी ऐकतो. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते हे खरं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचा प्रश्नही खराच. पण नॉकिंगपुरतं बोलायचं तर इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. केटरिंग-मिडग्ली यांनी बाजूला ठेवलेलं अल्कोहोल शंभर वर्षांनी आपल्या टाकीत आलं आहे. त्याचा पुरता फायदा मात्र मिश्रण जास्त दाबणारी किंवा ठिणगी आणखी पुढे नेऊ शकणारी गाडीच घेऊ शकते.

एका जागी हा कान कमी पडतो. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांना जास्त जोर मागितला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि असा जबर धक्का बसतो की एकाच दणक्यात पिस्टन फुटू शकतो. सेन्सर तो ऐकतो, पण ऐकेपर्यंत काम झालेलं असतं. ठिणगी मागे घेऊन उपयोग नाही, कारण आग ठिणगीने लागलेलीच नसते. यावर उपाय निघाला इंजिन ऑइलमधून. ऑइलमधले कॅल्शियमचे क्षार ही आग लावायला मदत करतात असं दिसलं, तेव्हा त्यातले काही काढून मॅग्नेशियमचे घातले गेले, आणि २०१८ मध्ये अशा ऑइलसाठी ‘एसएन प्लस’ हा दर्जा आला. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल घाला. चढावर वेग पडला की ॲक्सिलरेटर तळापर्यंत न दाबता आधी गियर खाली टाका. आणि इंजिनाचा दिवा लागला, तर गॅरेजवाल्याला तो मिटवायला सांगण्याआधी नॉक सेन्सरचा बोल्ट आणि त्याखालची जागा बघायला सांगा.